घरात लागते, बाहेरून लागत नाही: एसएसएच नेमके कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा: घर सांगलीला, नोकरी पुण्याला. घरी उबुंटू २४.०४ चा डेस्कटॉप कायम चालू असतो, फायबरची जोडणी आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणे) करून बाहेरचे २२२२ पोर्ट संगणकाच्या २२ पोर्टला जोडले आहे. घरच्या वायफायवर लॅपटॉपवरून एसएसएच (दुसऱ्या संगणकावर नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) लगेच लागते. पुण्याहून मात्र बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येते. फायरवॉल बंद करून पाहिली, ओपनएसएसएच सर्व्हर काढून पुन्हा टाकला, पोर्ट बदलले, तरी फरक नाही.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. जिथे अक्षर मोठे हवे तिथे तसे सांगितले आहे.

‘घरात लॉगिन होते’ या एका वाक्यात निम्मे उत्तर आहे. सर्व्हर चालू आहे, युजरचे नाव बरोबर आहे, पासवर्ड किंवा की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) चालते, संगणकाची फायरवॉल निदान घरच्या नेटवर्कला तरी अडवत नाही. म्हणजे सर्व्हर काढून पुन्हा टाकण्यात काही हाती लागणारच नव्हते. उबुंटूची फायरवॉल, म्हणजे यूएफडब्ल्यू, बंद ठेवली असेल तर आधी चालू करा: पहिल्यांदा ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ २२/टीसीपी’, मग ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’, याच क्रमाने. उलट क्रमाने केले आणि तुम्ही दूर असलात, तर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल.

आता एरर नीट वाचू. ‘टाइम्ड आउट’ आणि ‘रिफ्यूज्ड’ या दोन्हींना लोक ‘लागत नाही’ म्हणून मोकळे होतात, पण त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे तुमचे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचले आणि ‘या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही’ असे त्या यंत्राने स्पष्ट कळवले. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट गेले आणि उत्तरच आले नाही. वाटेत कुणी तरी ते गपचूप टाकून दिले, किंवा उत्तर परत येताना दुसऱ्याच वाटेला लागले. ‘नो रूट टू होस्ट’ हा तिसरा प्रकार बहुतेक वेळा घरच्याच नेटवर्कमध्ये दिसतो, संगणक बंद असला किंवा त्याचा आतला पत्ता बदलला असला म्हणजे. फेडोरासारख्या वितरणांची फायरवॉल नकार देतानाही हाच संदेश देते. तुमच्याकडे ‘टाइम्ड आउट’ येते आहे, तेव्हा पॅकेट कुठपर्यंत जाते एवढेच शोधायचे आहे. ते कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. प्रत्येक बदलाने नवी अडचण जुन्या अडचणीच्या मागे लपते आणि मग दोन्ही सापडत नाहीत.

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे आणि भारतातल्या फायबर जोडण्यांवर बहुतेक वेळा इथेच उलगडा होतो. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ या भागात आयपी पत्ता दिसतो, तो लिहून घ्या. त्याच वायफायवरच्या संगणकावर ब्राउझर उघडून ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर चौथ्या आवृत्तीचा, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता पाहा. दोन्ही पत्ते एकच असतील तर पुढे वाचत राहा. वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल व त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्यामध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. अशा वेळी तुमच्या राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बरोबर असले तरी निरुपयोगी आहे. बाहेरचे पॅकेट आधी कंपनीच्या यंत्रावर येते, तिथे २२२२ पोर्ट कुणाचे याची नोंद नसते, आणि ते तिथेच संपते. तुमच्या राउटरला त्याची गंधवार्ताही नसते.

राउटरवरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी आणि सोपी आहे. कंपनीचा फायबरचा डबा स्वतः राउटरचे काम करतो आहे आणि त्याच्यामागे तुम्ही दुसरा राउटर लावला आहे. एक तर कंपनीला तो डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता जोडणी तशीच पुढे देणे) टाकायला सांगा, किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंग करा: डब्यावर २२२२ तुमच्या राउटरच्या पत्त्याकडे, आणि राउटरवर २२२२ संगणकाच्या २२ कडे. हे करण्यापूर्वी त्या डब्यालाही खरा सार्वजनिक पत्ता मिळाला आहे का, हे त्याच्या पानावर पाहून घ्या. तोही सीजीनॅटमध्येच असला तर ही मेहनत वाया जाईल.

पत्ते जुळले, म्हणजे सीजीनॅट नाही, तरी लागत नाही? मग घरच्या संगणकासमोर बसून टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) चालवा. याच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. ‘सुडो टीसीपीडंप डॅश एन, डॅश आय एनी, टीसीपी पोर्ट २२’. इथे २२ द्यायचे, २२२२ नाही, कारण राउटरने पोर्ट बदलून झालेले पॅकेट संगणकाला दिसते. आता फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून टर्मक्स किंवा तत्सम ॲपमधून जोडणी करून पाहा. वायफाय बंद करणे महत्त्वाचे. घरातूनच घराच्या सार्वजनिक पत्त्यावर जाण्याला हेअरपिन म्हणतात आणि अनेक राउटरना ते जमत नाही. बाहेरून सगळे ठीक असूनही आतून चाचणी फसते, आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

टीसीपीडंपच्या पडद्यावर काहीच उमटले नाही तर पॅकेट संगणकापर्यंत आलेच नाही. दोष राउटरचा किंवा त्याच्या बाहेरचा. चौकोनी कंसात एकटा एस असलेली ओळ पुन्हापुन्हा येते पण उत्तर जात नाही, तर संगणकाची फायरवॉल पॅकेट गिळते आहे. यूएफडब्ल्यूची डीफॉल्ट वागणूक नकार न कळवता टाकून देण्याचीच आहे, म्हणून तिच्यामुळेही ‘टाइम्ड आउट’च दिसते. घरच्या नेटवर्कपुरतीच परवानगी देणारा नियम लिहिला असेल, तर घरातून चालते आणि बाहेरून नाही, हे चित्र हुबेहूब तुमच्यासारखेच दिसेल. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’ लावून नियमापुढे ‘एनीव्हेअर’ आहे की १९२.१६८ चा पट्टा आहे ते बघा.

आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. एस येतो, संगणक एस आणि टिंब असलेले उत्तर पाठवतो, पण तेच उत्तर तीन-चार वेळा जात राहते. पॅकेट आत आले, उत्तरही निघाले, पण वाट चुकले. घरच्या संगणकावर एखादे व्हीपीएन चालू असेल तर उत्तर राउटरऐवजी व्हीपीएनमधून बाहेर पडते आणि पुण्यातला लॅपटॉप ते ओळखत नाही. वायफाय आणि केबल दोन्ही वेगवेगळ्या राउटरना जोडलेली असली तरी हेच होते. ‘आयपी रूट’ ही कमांड डीफॉल्ट वाट कोणती ते सांगते.

पॅकेट संगणकापर्यंत येतच नसेल तर राउटरमधला नियम कोणत्या आतल्या पत्त्याकडे बोट दाखवतो ते पाहा. संगणकाला आतला पत्ता डीएचसीपीने, म्हणजे राउटरकडून आपोआप, मिळतो. राउटर रीस्टार्ट झाला की १९२.१६८.१.५ चा १९२.१६८.१.९ होऊ शकतो आणि नियम आता कुणाच्या तरी टीव्हीकडे पॅकेट पाठवतो. राउटरमध्ये मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाला) बांधून डीएचसीपी रिझर्व्हेशन करा. शक्य असेल तर संगणक केबलने जोडा. वायफायचा आणि केबलचा मॅक पत्ता वेगळा असतो, त्यामुळे रिझर्व्हेशन ज्या जोडणीचे असेल तीच वापरली पाहिजे.

सीजीनॅट निघाले तर काय? चार मार्ग आहेत. कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक आयपी घेता येतो. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि घरगुती जोडणीवर सगळ्या कंपन्या तो देत नाहीत. दुसरा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. त्यात घरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो, सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही. ‘आयपी डॅश ६ ॲडर’ लावल्यावर २ ने सुरू होणारे पत्ते दिसतात. त्यातल्या ज्याच्यापुढे ‘टेम्पररी’ लिहिले आहे तो ठरावीक काळाने बदलतो. दुसरा, स्थिर असलेला घ्या. एफई८० ने सुरू होणारा पत्ता घराबाहेर चालत नाही. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल सहसा बाहेरून येणारे सगळे अडवते, तिथे त्या संगणकासाठी २२ पोर्ट वेगळे उघडावे लागते. कंपनीने दिलेल्या साध्या डब्यांत ती सोय कधी कधी नसतेच. शिवाय तुम्ही पुण्यात ज्या नेटवर्कवर असाल तिथेही आयपीव्ही६ हवे. मोबाइल डेटावर ते सहसा असते, ऑफिसच्या वायफायवर बऱ्याचदा नसते.

तिसरा मार्ग टेलस्केल (आपल्याच यंत्रांचे खासगी नेटवर्क जोडून देणारी सेवा), आणि एकट्या माणसाच्या घरच्या संगणकासाठी माझा कौल यालाच आहे. दोन्ही संगणकांवर ते टाकायचे, एकाच खात्याने लॉगिन करायचे, आणि घरच्या संगणकाला मिळालेल्या पत्त्यावर नेहमीसारखे एसएसएच करायचे. दोन्ही टोके बाहेरच्या दिशेने जोडणी करतात, म्हणून राउटरमध्ये काहीही उघडावे लागत नाही. आधीचे फॉरवर्डिंग काढून टाका. टेलस्केलचे पत्तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात. ते पाहून सीजीनॅटशी गल्लत करू नका. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा: टेलस्केलच्या व्यवस्थापन पानावर घरच्या संगणकापुढे ‘की एक्स्पायरी’ बंद करा. डीफॉल्ट मुदत १८० दिवसांची आहे. सहा महिने सगळे सुरळीत चालते आणि मग एके दिवशी संगणक नेटवर्कमधून गळतो. पुन्हा लॉगिन करायला त्याच्यासमोर कुणी तरी बसावे लागते.

बाहेरच्या सेवेवर विसंबायचे नसेल तर चौथा मार्ग: सार्वजनिक पत्ता असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या आणि घरच्या संगणकाने त्याच्याकडे उलटा बोगदा उघडून ठेवायचा. एसएसएचला डॅश आणि मोठा आर, त्यापुढे ‘२२२२:लोकलहोस्ट:२२’. हा बोगदा सिस्टमडीची (लिनक्समध्ये पार्श्वभूमीवरची कामे चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालवा, ‘रीस्टार्ट’ ला (पहिला आर मोठा) ‘ऑल्वेज’ द्या, आणि ‘एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस’ विसरू नका. ते नसेल तर जुनी मेलेली जोडणी भाड्याच्या सर्व्हरवर पोर्ट धरून बसते, नवीन जोडणी पोर्टशिवायच जिवंत राहते आणि सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ दिसते. पुण्याहून त्या सर्व्हरवरून उडी मारून घरी जायचे, त्यासाठी डॅश आणि मोठा जे.

तुम्ही पोर्ट बदलून पाहिले म्हणता, ते घरच्या संगणकावरच बदलले असेल तर उबुंटूची एक खास खोच सांगतो. २२.१० पासून तिथे एसएसएच सिस्टमडीच्या सॉकेटमधून सुरू होते. पोर्टवर सॉकेट ऐकत असते. २४.०४ मध्ये कॉन्फिग फाइलमधले पोर्ट सॉकेटला कळते, पण ‘सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट’ केल्यावरच. नुसते एसएसएच रीस्टार्ट करून जुनेच पोर्ट उघडे राहते. अंदाज बांधण्यापेक्षा ‘सुडो एसएस डॅश टीएलएनपी’ लावा, कोणते पोर्ट खरेच उघडे आहे ते समोर येईल. आणि राउटर २२ कडे पाठवत असताना संगणकाने २२ सोडले असेल तर बाहेरून एरर ‘रिफ्यूज्ड’ अशी बदलेल. फायरवॉलमध्ये नवे पोर्ट उघडायचेही लक्षात ठेवा.

नेटवर्कची वाट मोकळी झाली की पुढचे अडथळे दिसू लागतात.

‘परमिशन डिनाइड’ आले तर आनंद माना, तुम्ही दारापर्यंत पोचलात. त्यापुढच्या कंसात फक्त ‘पब्लिककी’ लिहिले असेल तर सर्व्हर पासवर्ड घेतच नाही. की बरोबर असूनही नाकारली जात असेल तर सर्वांत जास्त वेळा दोष परवानग्यांचा असतो. होम फोल्डरवर ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची मुभा नको, .एसएसएच फोल्डर ७००, त्यातली ऑथराइज्ड-कीज फाइल ६००, आणि सगळ्यांची मालकी तुमचीच. लॅपटॉपवर एसएसएचला कितीही ‘डॅश व्ही’ (तपशील दाखवणारा पर्याय) लावले तरी नकाराचे खरे कारण तिथे दिसत नाही, कारण सर्व्हर ते मुद्दाम सांगत नाही. ते घरच्या संगणकाच्या लॉगमध्ये असते: ‘सुडो जर्नलसीटीएल डॅश यू एसएसएच डॅश एफ’. ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ अशी ओळ दिसली की विषय संपला. होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेले असेल तर आधी कुणी लॉगिन केल्याशिवाय सर्व्हरला की वाचताच येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कॉन्फिगमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहूनही पासवर्ड चालत राहतो, अशी तक्रारही नेहमीची. एसएसएच सर्व्हर एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो, शेवटची नाही. उबुंटूत मुख्य फाइलच्या वरच्याच भागात एसएसएचडी-कॉन्फिग.डी या फोल्डरातल्या फाइली ओढल्या जातात, आणि तिथे ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल ‘येस’ म्हणत बसलेली असू शकते. ‘सुडो एसएसएचडी’ला डॅश आणि मोठा टी लावा, प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंग्ज छापून मिळतात. लहान टीने नुसती चूक तपासली जाते. कोणत्याही बदलानंतर रीस्टार्टच्या आधी लहान टी चालवा.

‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ हे की चुकल्याचे लक्षण नाही, की जास्त झाल्याचे आहे. एजंटमध्ये (लॅपटॉपवर की सांभाळणारा प्रोग्रॅम) सात-आठ की असतात, सर्व्हर ६ प्रयत्नांनंतर दार लावतो आणि बरोबर की पाळीत मागे राहते. लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये त्या होस्टखाली आयडेंटिटीफाइलचा मार्ग आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा. की नवीन करायची असेल तर ईडी२५५१९ प्रकारची करा. फेलटूबॅन (वारंवार फसणारे पत्ते अडवणारा प्रोग्रॅम) टाकले असेल तर अशा फसलेल्या प्रयत्नांनी तुमचाच पत्ता १० मिनिटे बंद होऊ शकतो. ‘आत्ता लागत होते, आता लागत नाही’ असे झाले की आधी ते तपासा.

सर्व्हर पूर्ण पुसून टाकला असेल (पर्ज), तर होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) बदलली असणार आणि लॅपटॉप ओळख बदलल्याचा मोठा इशारा देईल. तो इशारा डोळे झाकून काढून टाकू नका. घरचा सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर जुना पत्ता आज दुसऱ्या ग्राहकाकडे असू शकतो, आणि तुम्ही परक्याच्या दारावर आपला पासवर्ड देत असाल. घरी ‘एसएसएच-कीजेन डॅश एलएफ’ पुढे ईटीसी/एसएसएच मधल्या ईडी२५५१९ पब्लिक होस्ट कीचा मार्ग देऊन ठसा काढा, फोटो घ्या, आणि तो इशाऱ्यातल्या ठशाशी जुळला तरच लॅपटॉपवरची जुनी नोंद ‘एसएसएच-कीजेन’ला डॅश आणि मोठा आर लावून काढा. पोर्ट २२ नसेल तर नोंद चौकोनी कंसातला पत्ता, मग कोलन (:), मग पोर्ट अशी असते. तशीच द्यावी लागते.

जोडणी होते पण लॉगिनच्या आधीच थिजते, आणि तीन व्ही लावल्यावर शेवटची ओळ ‘केक्स’ (की बदलण्याचा टप्पा) उत्तराची वाट पाहत असल्याची असते. हे जवळपास नेहमी एमटीयूचे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचे दुखणे असते. पीपीपीओईवर (कंपनीकडे युजरनेम-पासवर्डने जोडण्याची पद्धत) एका पॅकेटची मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट होते. लहान पॅकेट जातात, की बदलण्याच्या टप्प्यावरचे मोठे पॅकेट अडकते. ‘पिंग’ला डॅश आणि मोठा एम, त्यापुढे ‘डू’, मग ‘डॅश एस १४६४’ देऊन बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर तपासा. १४६४ मध्ये २८ बाइटचे हेडर मिळवले की १४९२ होतात. ते जात नसेल तर आकडा कमी करत जा. घरच्या संगणकाचा एमटीयू तात्पुरता १४०० केला आणि लॉगिन झाले, तर निदान पक्के.

थोडा वेळ काही टाइप केले नाही की सत्र गोठते, ते राउटरने निष्क्रिय जोडणी विसरून जाण्यामुळे. लॅपटॉपवर ‘सर्व्हरअलाइव्हइंटर्व्हल ६०’ पुरे. गोठलेल्या खिडकीतून सुटायला एंटर, मग टिल्ड (~), मग टिंब. त्याआधी कंट्रोल क्यू दाबून पाहा, चुकून दाबलेल्या कंट्रोल एसनेही पडदा असाच थांबतो. बराच वेळ चालणारे काम टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा.

राहिला संगणक स्वतः. डेस्कटॉप झोपी जातो आणि एसएसएचच्या सत्राने त्याची झोप मोडत नाही. ‘सुडो सिस्टमसीटीएल मास्क’ पुढे स्लीप.टार्गेट, सस्पेंड.टार्गेट आणि हायबरनेट.टार्गेट द्या. वीज गेली आणि आली तर संगणक आपोआप सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ सारखा पर्याय ‘पॉवर ऑन’ वर ठेवा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर असतील पण संगणक नसेल, तर वीज गेल्यावर राउटर जिवंत आणि संगणक मेलेला, अशी फसवी स्थिती येते. बाहेरून दिसते पुन्हा तेच ‘टाइम्ड आउट’. पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन असेल तर सुरू झालेला संगणक पासफ्रेज मागत पडद्यावर थांबेल. त्यासाठी ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस (पासफ्रेज दुरून देता यावी म्हणून सुरुवातीलाच चालणारा छोटा एसएसएच सर्व्हर) बसवावे लागते, नाही तर आईला फोन करून पासफ्रेज टाइप करायला सांगावी लागते.

मार्ग कोणताही घ्या, बाहेरून पोर्ट उघडे असेल तर पासवर्ड बंद आणि फक्त की ठेवा, रूटचे (मुख्य प्रशासक खात्याचे) थेट लॉगिन बंद करा. २२२२ सारख्या पोर्टने लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. कॉन्फिग बदलताना एक जुने सत्र उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहा. सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी जुने सत्र तुटत नाही, आणि चूक झाली तर दुरुस्तीला तेच उपयोगी पडते.

पुढच्या वेळी सांगलीला जाल तेव्हा सगळे लावून झाल्यावर संगणक रीस्टार्ट करू नका, तो व्यवस्थित बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करा. एक मिनिटाने बटण लावा, राउटरही बंद करून चालू करा, कीबोर्डला हात न लावता पाच मिनिटे थांबा आणि फोनच्या मोबाइल डेटावरून लॉगिन करा. ते झाले तरच पुण्याची गाडी पकडा.